जिंकले तरी बदली

आमच्या गावात देव, गव्हर्नर आणि विद्यापीठाचे अध्यक्ष या तिघांची मिळून जेवढी पत आहे, त्याहून जास्त पत एकट्या आमच्या शेजारच्या कोचची होती. फक्त ती शनिवारी दुपारपर्यंत टिकायची. शनिवारी संध्याकाळी मॅच संपली की तिचं काय होईल हे सांगता यायचं नाही, आणि मॅच हरलेली असली तर रविवारी सकाळी चर्चमध्ये, प्रत्यक्ष देवाच्या समोर बसून, लोक कोचच्या नावानं बोटं मोडायचे. सोमवारी पुन्हा पेट्रोल पंपावर तेच लोक त्यांचा हात हातात घेऊन म्हणायचे, "कोच, या शनिवारी दाखवून द्या." मी भाबडी माणसं पुष्कळ पाहिली आहेत, पण दर आठवड्याला नव्यानं भाबडं होणारं गाव मी हेच एक पाहिलं.

हे गाव म्हणजे टेक्सासमधलं, प्लेनो शहरापासून हायवेनं तीनेक तासांवरचं एक विद्यापीठाचं गाव. मी तिथे रसायनशास्त्र शिकवतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण गावात हे कुणालाच माहीत नाही. बँकेत, औषधाच्या दुकानात, टायरवाल्याकडे माझी ओळख एकच, 'कोचच्या शेजारचा'. दाताच्या डॉक्टरनं एकदा माझ्या तोंडात यंत्र घालून विचारलं, "क्वार्टरबॅकचा खांदा बरा झाला का हो?" क्वार्टरबॅक म्हणजे ज्या पोराच्या हातातून सगळा डाव सुटतो तो. मला त्याच्या खांद्याची खबर नव्हती, पण मी मान हलवली. डॉक्टर इतका खूश झाला की त्यानं इंजेक्शन जपून दिलं.

इथला फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. चेंडू नारळाच्या आकाराचा, तो छातीशी कवटाळून मैदानाच्या त्या टोकाला पोचवायचा, आणि समोरच्यांनी त्या पोराला वाटेत आडवं पाडायचं, एवढाच खेळ. पण एवढ्या खेळासाठी गावाच्या वस्तीच्या दुप्पट माणसं बसतील असं स्टेडियम आमच्या विद्यापीठानं बांधलं आहे. माझ्या प्रयोगशाळेचं छत गळत होतं. मी अर्ज केला, स्मरणपत्र दिलं, डीनला बादली दाखवली. स्टेडियमचा स्कोअर दाखवणारा मोठा पडदा बदलायचं काम चालू होतं, तेव्हा छताचं पुढच्या वर्षी बघू, असं उत्तर आलं. हे मी कुंपणाशी सहज बोललो. कोचनी खिशातून फोन काढला, कुणाला तरी दोन वाक्यं सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी छतावर माणसं चढलेली. मी आभार मानायला गेलो तर म्हणाले, "प्रोफेसर, पावसात प्रॅक्टिस आम्ही करतो. तुम्ही कशाला?" तेव्हापासून आमच्या डिपार्टमेंटमध्ये मला मान आहे, आणि तो रसायनशास्त्रामुळे मिळालेला नाही.

कोच दिसायला धिप्पाड, मान जवळजवळ नाहीच, गळ्यात शिट्टी. घरात, दारात, सुपरमार्केटमध्ये, सगळीकडे शिट्टी. त्यांची पहिली सवय माझ्या लक्षात आली ती कचऱ्याच्या डब्यांवरून. मॅचच्या वेळी हे कोच लोक बोलताना तोंडापुढे डावांचा मोठा कागद धरतात, म्हणजे समोरच्या टीमनं ओठ वाचू नयेत. तीस वर्षं असं बोलून बोलून आमच्या कोचना उघड्या तोंडानं बोलताच येईना. मी विचारलं, "कचऱ्याची गाडी मंगळवारी की बुधवारी?" त्यांनी डावीउजवीकडे पाहिलं, हातातला जाहिरातीचा कागद तोंडापुढे धरला आणि दबक्या आवाजात म्हणाले, "बुधवारी. हिरवा डबा आधी." हॉटेलात मेनूकार्ड तोंडापुढे धरून ते सूप मागवायचे. वेट्रेसला ऐकू जायचं नाही, ती पुन्हा विचारायची, आणि कोचीणबाई शांतपणे सांगायच्या, "टोमॅटोचं. मिरी कमी."

कोचीणबाई हे नाव माझ्या बायकोनं, रत्नानं ठेवलेलं. डॉक्टरची ती डॉक्टरीणबाई, मग कोचची ती कोचीणबाईच की, असा तिचा हिशेब. आमची मुलगी म्हणायची, "आई, that's so embarrassing," पण पुढे तीही त्यांना कोचीणबाईच म्हणायला लागली, आणि बाईंनाही ते आवडलं. बुटक्या, सडसडीत, चष्म्याला साखळी लावलेल्या, आणि नवरा जेवढा दबक्या आवाजात बोलायचा तेवढ्याच मोकळ्या आवाजात हसणाऱ्या.

कोचची दुसरी सवय, येत्या शनिवारच्या पलीकडचं काही बोलायचंच नाही. रत्नानं एकदा त्यांना मुलीच्या वाढदिवसाला बोलावलं, महिनाभर आधी. कोच गंभीर झाले. म्हणाले, "मॅम, आम्ही सध्या फक्त या शनिवारचा विचार करतोय." रत्ना मला घरात येऊन म्हणाली, "काय माणूस आहे. मी पोरीचा वाढदिवस म्हणतेय, हा शनिवार म्हणतोय." मग दर सोमवारी ती कुंपणावरून विचारायची, "कोच, झाला का विचार?" आणि वाढदिवसाच्या आठवड्यात एकदाचा उलगडा झाला, येतो म्हणाले.

आले, आणि वऱ्हाडी मटण खाल्लं. आम्ही अकोल्याचे; रत्नाच्या हातचा रस्सा पाहुण्याची परीक्षा बघतो. प्लेनोहून आलेली आमची मित्रमंडळी पाण्याचे ग्लासवर ग्लास रिचवत होती आणि कोच डोळ्यांतून पाणी गाळत तिसऱ्यांदा वाढून घेत होते. त्याचं कारण नंतर कळलं. कोचचं खरं काम मैदानावर नसतं, ते लोकांच्या स्वयंपाकघरात असतं. सतरा-अठरा वर्षांचा एखादा पळणारा पोरगा हेरायचा, त्याच्या घरी जाऊन त्याच्या आईच्या हातचं जेवायचं, आणि मुलगा आमच्याच कॉलेजला पाठवा म्हणून तिला वळवायचं. या कामात आमच्या कोचचा हात धरणारं कुणी नव्हतं म्हणे. त्या दिवशी सवयीनं त्यांची जीभ वळलीच. हात पुसून ते रत्नाकडे वळले आणि म्हणाले, "मॅम, तुमचं लेकरू ते माझं लेकरू. आमच्याकडे ती एका टीममध्ये येणार नाही, एका घरात येणार आहे. मी तिची जबाबदारी घेतो." रत्नाला भरून आलं. मुलगी म्हणाली, "कोच, मी क्लॅरिनेट वाजवते." कोच दचकले आणि म्हणाले, "बँडच्या माणसाला सांगून ठेवतो."

जाताना ते दिवाणखान्यातल्या फोटोपुढे थबकले. निळा कोट, चष्मा, खिशाला पेन, काखेत जाड पुस्तक. एप्रिलातल्या जयंतीला आम्ही सगळे ज्यांच्यापुढे जमतो, तो फोटो. कोण म्हणून त्यांनी विचारलं. मी थोडक्यात सांगायचं ठरवलं आणि अर्धा तास सांगितलं. कोच टोपी काढून ऐकत होते, मध्ये एकदाही तोंडावर कागद धरला नाही. शेवटी म्हणाले, "म्हणजे ज्या पोरांना कुणी टीममध्ये घेत नव्हतं, त्यांची टीम यांनी बांधली. आणि नियमांचं पुस्तकही स्वतःच लिहिलं." मी या विषयावर मोठमोठी भाषणं ऐकली आहेत, ती पुष्कळ लांबवूनही याहून फार पुढे गेलेली नाहीत.

तिसरी भानगड काढ्याची. मॅच जिंकली की टीमची पोरं बर्फाच्या पाण्याचं पिंप मागून येऊन कोचच्या डोक्यावर ओततात. ही आनंदाची रीत. आता साठीला आलेल्या माणसाच्या टाळक्यावर नोव्हेंबरात बर्फ ओतल्यावर दुसरं काय होणार? कोच शिंकत घरी यायचे. रत्नानं एकदा सुंठ, हळद, मिरी घालून काढा दिला. पुढच्या शनिवारी टीम जिंकली. झालं. त्यानंतर शनिवारी सकाळी कोच आमच्या दारात हजर, तोच पेला, तोच काढा, उभ्यानंच प्यायचा. रत्ना कट्टर. नवस, मुहूर्त, काळी मांजर, कशालाच ती भीक घालत नाही. ती म्हणाली, "कोच, ही अंधश्रद्धा आहे. आमच्या घरात चालत नाही." कोच म्हणाले, "यस मॅम," आणि पेला पुढे केला. पण नंतर मी पाहिलं, शनिवारी सकाळी सुंठ संपलेली दिसली तर हीच बाई गाडी काढून इंडियन स्टोअर गाठायची. मी हसलो की म्हणायची, "घशासाठी देते मी. टीमसाठी नाही."

एवढं सगळं गमतीचं. पण कोचच्या गॅरेजमध्ये गेलं की माझी गंमत कमी व्हायची. तिथे खोकी होती, छतापर्यंत. अर्धी कधी उघडलेलीच नव्हती. खोक्यांवर वेगवेगळ्या राज्यांची नावं, जुनी खोडून नवी लिहिलेली. कोचच्या धंद्याचं गणित असं, की हरलात तर विद्यापीठ हाकलून देतं, आणि जिंकलात तर मोठं विद्यापीठ पळवून नेतं. दोन्हीकडून बिऱ्हाड उचलायचंच. लग्न झाल्यापासून कोचीणबाई तेच करत आल्या होत्या. जिथे जातील तिथे शाळेत बदली शिक्षिका, म्हणजे कुणी बाई आजारी पडली की तिच्या वर्गावर जायचं. आपला वर्ग म्हणून त्यांना कधी मिळालाच नव्हता. आमच्या गावात आल्यावर पहिल्यांदा, पन्नाशी उलटून गेल्यावर, त्यांना प्राथमिक शाळेत कायमची नोकरी मिळाली. दारावर स्वतःच्या नावाची पाटी लागली. ज्या दिवशी ती लागली त्या दिवशी त्यांनी रत्नाला हाताला धरून शाळेत नेलं आणि ती पाटी दाखवली. रत्ना म्हणाली, "दहा वेळा पुसत होती रे ती. पाटी नवीच होती."

कोचनी तेव्हाच त्यांना शब्द दिला होता, हे शेवटचं गाव. हा शब्द त्यांनी मनापासून दिला होता, यात मला शंका नाही. पण शनिवारच्या पलीकडे न बघणाऱ्या माणसाचा शब्द तो.

त्या वर्षी सीझन सुरू झाला आणि कोच सपाटून हरायला लागले. इथे अशी रीत आहे, की कोच हरला की गावकरी रात्रीतून त्याच्या हिरवळीवर 'घर विकणे आहे'च्या पाट्या रोवून जातात. निघा, असा त्याचा अर्थ. खऱ्याखुऱ्या एजंटच्या पाट्या, कुठून कुठून उपटून आणलेल्या. कोच सकाळी उठून त्या उपसायचे आणि त्यांच्या तारा काढून कोचीणबाईंच्या टोमॅटोच्या रोपांना आधाराला लावायचे. टोमॅटो त्या वर्षी फार चांगले आले.

हे माहीत नसल्यामुळे आमच्या मित्रानं, विजयनं घोळ घातला; वाढदिवसाला तो आला नव्हता, कोचना त्यानं कधी पाहिलं नव्हतं. विजय प्लेनोला मोठ्या कंपनीत, पण घरून काम, आणि बायकोला गावाकडे घर हवं म्हणून शनिवार-रविवार हिंडायचा. एका रविवारी दोघं आमच्याकडे जेवायला आले, आम्ही बाजारात, आणि शेजारी पाहतात तर पाटी. आम्ही परतलो तेव्हा शेजारचं दार सताड उघडं. आत गेलो. विजय जेवणाची खोली मोजत होता आणि टेपचं दुसरं टोक कोचनी धरलं होतं. मला पाहून विजय म्हणाला, "अरे यार, शेजारचं घर निघालंय आणि तू सांगितलं नाहीस? किचन मस्त आहे. आणि हा केअरटेकर तर एकदम सज्जन माणूस. नळाचं प्रेशरसुद्धा दाखवलं." मी कपाळाला हात लावला. कोचनी मात्र टेप गुंडाळून विजयच्या हातात दिली आणि अगदी सभ्यपणे म्हणाले, "चांगली माणसं आहात. आधी हा शनिवार होऊ दे, मग बोलू." कोचीणबाई ओट्याशी उभ्या होत्या. नेहमीसारख्या हसल्या नाहीत. विजयच्या बायकोला म्हणाल्या, "खिडकीत सकाळचं ऊन छान येतं," आणि आत गेल्या.

विजयला गाडीत बसवून दिल्यावर मला राहवेना. मी कुंपणाशी गेलो. कोच पाटी उपसत होते, पलीकडे कोचीणबाई टोमॅटोला पाणी घालत होत्या. मी म्हटलं, "कोच, तुम्हाला या गावात राहायचंय ना? मग उपाय सोपा आहे. हरलात तर जाल, जिंकलात तरी जाल. निम्म्या मॅच जिंका, निम्म्या हरा. कुणी हाकलणार नाही, कुणी पळवणार नाही. रसायनशास्त्रात आम्ही याला समतोल म्हणतो." कोचनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना चोरी करायला सांगितली होती. ते म्हणाले, "प्रोफेसर, पोरगं बॉल घेऊन पळत असेल तर मी त्याला थांब म्हणू?"

मग मी त्यांना माझ्या वडिलांचं सांगितलं. वडील अकोल्याला बँकेत क्लार्क. बँकेत बढती घेतली की बदली आलीच, कुठे कोणत्या राज्यात फेकतील नेम नाही. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. वडिलांनी बढती नाकारली. पुन्हा आली, पुन्हा नाकारली. तेव्हा बँकेतल्या आमच्या लोकांच्या असोसिएशनची मंडळी घरी येऊन कडाकडा भांडली होती, की आपल्या माणसाला साहेबाची खुर्ची मिळावी म्हणून पिढ्या झगडल्या आणि तुम्ही ती लाथाडता? ते चुकीचं बोलत नव्हते, आणि वडिलांनाही ते माहीत होतं. वडील एवढंच म्हणाले, "खुर्ची हिलाही आहे. वर्गातली. ती कोण धरून ठेवणार?"

कोचना काही केल्या ते उमगेना. "त्यांना वरची जागा देत होते?"

"हो."

"आणि ते नाही म्हणाले? मग दुसऱ्या बँकेची ऑफर असेल."

"दुसरी कुठलीच ऑफर नव्हती, कोच. त्यांना अकोल्यात राहायचं होतं."

कोच मान हलवत पाटी घेऊन गॅरेजकडे गेले. मला वाटलं, पालथ्या घड्यावर पाणी. तेवढ्यात पलीकडून कोचीणबाईंनी विचारलं, "आणि आई?" मी म्हटलं, "आई त्याच शाळेतून रिटायर झाली. शेवटी शेवटी तिच्या वर्गात तिच्या पहिल्या पोरांची पोरं होती." त्यांच्या हातातल्या पाइपचं पाणी त्यांच्याच बुटांवर पडत होतं. "पोरांची पोरं," त्या म्हणाल्या, आणि वाकून नळ बंद केला. मी नवऱ्याला शहाणपण शिकवायला गेलो होतो. ते दुसरीकडेच रुजलं, हे मला तेव्हा कळलं नाही.

पुढच्या शनिवारी टीम जिंकली. त्याच्या पुढच्या शनिवारीही. आणि मग जी जिंकत सुटली, ती थांबेना. रत्ना म्हणाली, "बघितलंस?" आणि लगेच, "मी घशासाठीच देते हं." गावानं कोचना डोक्यावर घेतलं. शेवटची मॅच शेजारच्या राज्यातल्या हाडवैरी विद्यापीठाशी, तीही मारली. त्या रात्री गावात गाड्यांचे भोंगे वाजत होते, आणि शेजारच्या घरात फक्त स्वयंपाकघराचा दिवा चालू होता.

यानंतर जे सुरू झालं त्याला तोड नाही. टीम जिंकली की मोठी विद्यापीठं खाजगी विमान पाठवून कोचला गुपचूप बोलणी करायला नेतात. गुपचूप म्हणजे, सगळ्या गावानं फोनवर आकाशातल्या विमानांचे नकाशे उघडून ठेवलेले. कुठलं विमान कुठून निघालं, कुठे वळलं, आमच्या छोट्या विमानतळावर कधी उतरलं, सगळं पानाच्या ठेल्यावर राजकारण चघळावं तसं चघळलं जात होतं. आमच्या विभागप्रमुख बाईंनी तर अभ्यासक्रमाच्या मीटिंगमध्ये मान वर न करता सांगितलं, "उतरलं." टीव्हीवर कोचना विचारलं, तुम्ही चाललात का? कोच म्हणाले, "मी कुठेही जात नाही. हे माझं घर आहे." ते ऐकून औषधाच्या दुकानातला म्हातारा फार्मासिस्ट डोळे पुसायला लागला. म्हणाला, "घर म्हणाले म्हणजे नक्की चालले." या धंद्यात जाणारा प्रत्येक कोच आदल्या दिवशी हेच वाक्य बोलतो, असं त्यानं मला समजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोचनी मला हाक मारली. मी सपाता घालून, चहाचा कप हातात घेऊन गेलो. अंगणात सूट घातलेले कोच, शेजारी एकच बॅग, आणि दारात कोचीणबाई, गळ्यात शाळेचं ओळखपत्र, खांद्याला पिशवी. कोच म्हणाले, "प्रोफेसर, तुम्ही सांगा हिला. केवढं विद्यापीठ आहे. विमान दहाला आहे."

कोचीणबाई म्हणाल्या, "दहाला माझा वाचनाचा तास आहे."

"अगं, सुट्टी टाक."

"मी सुट्टी टाकत नाहीये. मी राहतेय." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "तुला तिकडे काम आहे. मला इकडे काम आहे."

कोच दारापाशी आले. मग त्यांनी हात पुढे केले, आवाज खाली आणला, आणि स्वयंपाकघरातलं ते भाषण सुरू केलं. "हे बघ. तिथे तू एका टीममध्ये येणार नाहीस. एका घरात येणार आहेस. मी तुझी जबाबदारी..."

"राजा," कोचीणबाई म्हणाल्या, "हे भाषण तू आपल्या पहिल्या घरात, ओट्याशी उभा राहून, माझ्यासमोर पाठ केलं होतंस. त्या पोरांच्या आयांच्या आधी मी ऐकलंय ते. आणि दर वेळी हो म्हटलंय."

देशभरातल्या आया ज्या माणसानं वळवल्या, त्यानं हात खाली घेतले. तो माझ्याकडे बघत राहिला, आणि मी कपात. कोचना नाही म्हणता येत नव्हतं, एवढं मला तेव्हा स्वच्छ दिसलं. त्यांचं बायकोवर प्रेम नव्हतं असं कुणी म्हणालं तर मी त्याच्याशी भांडेन. पण वरून हाक आली की पळायचं, एवढंच त्यांना लहानपणापासून शिकवलेलं, आणि तेच त्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना शिकवलं. कोचीणबाईंनी त्यांचा टाय सरळ केला आणि म्हणाल्या, "चल, विमानतळ शाळेच्या वाटेवरच आहे. सोडते तुला." आणि खरंच सोडून आल्या, आणि तास चुकवला नाही.

गावानं संध्याकाळी कोचच्या नावाचे शर्ट जाळले. तीन महिन्यांपूर्वी हेच लोक जा म्हणून पाट्या रोवत होते; आता गेला म्हणून संतापले. नवा कोच आला. त्यानं टीव्हीवर सांगितलं की ही नुसती टीम नाही, हे घर आहे. फार्मासिस्टनं त्या दिवसापासूनच त्याच्यावर डोळा ठेवलाय.

कोच बायकोला रोज फोन करतात. रविवारी मलाही करतात. तिकडे ते हॉटेलासारख्या एका फ्लॅटमध्ये राहतात, भाड्याच्या सोफ्यासकट. मला विचारतात छताच्या पन्हळीत पानं अडकली आहेत का, गॅरेजचं दार करकरतं का, ती रात्री जेवते का नीट. ते येतात अधूनमधून, सुट्टी मिळेल तशी, पण या धंद्यात सुट्टी मिळते किती? एकदा मी विचारलं, "कोच, कायमचे कधी येताय?"

"या धंद्यात कुणाला कायम ठेवत नाहीत, प्रोफेसर. हरायला लागलो की काढतील. मग येतो घरी."

"पण तुम्ही तर जिंकताय."

"तीच तर अडचण आहे."

"मग थोडं कमी जिंका की."

तिकडे भाड्याचा सोफा करकरला. मग कोच म्हणाले, "येत नाही हो मला ते."

शनिवारी कोचीणबाई आमच्याकडे मॅच बघायला येतात. इतकी वर्षं स्टेडियममध्ये बसून पाहिली, आता एकटीनं घरात बघवत नाही म्हणतात. अंगात कोचच्या नव्या टीमचा लाल शर्ट असतो, तो त्यांनी मागवून घेतलाय. परवाच्या शनिवारी अशीच मॅच अगदी शेवटच्या मिनिटाला आली. कोचची टीम थोडक्यात पुढे होती. पडद्यावर कोच दिसले, जरा वाळलेले वाटले. आणि एकाएकी समोरच्या टीमच्या एका किरकोळ पोरानं बॉल कवटाळला, दोघांना चुकवलं आणि मोकळ्या मैदानात पळत सुटला. कोचची दांडगी पोरं त्याच्या मागे. रत्नाच्या तोंडून "अगं बाई" निघालं आणि तिनं धीर द्यायला कोचीणबाईंचा हात धरला. कोचीणबाई सोफ्याच्या कडेवर आल्या होत्या, लाल शर्टात, डोळे पडद्यावर. अगदी हळू, स्वतःशीच बोलावं तसं, त्या परक्या पोराला म्हणत होत्या, "पळ रे बाळा. थांबू नको. पळ."

रत्नानं माझ्याकडे पाहिलं. मग आम्ही दोघंही पुढे सरकून बसलो आणि त्याच पोराच्या बाजूनं झालो.